बेट द्वारकेची मच्छीमार वस्ती, पूर्वेचा किनारा आणि प्रवाळ : बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

विश्वामित्री :
सर्वांना नमस्कार. दिवाळीनंतर आमच्या घरातील चौघांचा समुद्रकाठी जाण्याचा विचार आहे. मी, यजमान, प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. द्वारकेचे दर्शन यापूर्वी झालेले आहे, त्यामुळे या खेपेस देवळांची धावपळ नको. एखाद्या बेटावरच्या मासेमारांच्या गावाजवळ शांतपणे राहावे, किनाऱ्यावर फिरावे, मुलीला प्रवाळ पाहता यावेत आणि जमल्यास पाण्याखाली डुबकी मारता यावी, एवढीच अपेक्षा आहे. नातेवाइकांनी अंदमान आणि लक्षद्वीप सुचवले, परंतु विमानाचा खर्च आणि सासऱ्यांची प्रकृती पाहता ते या वर्षी शक्य नाही. बेट द्वारकेला आता मोटारीने जाता येते असे समजले. पूल झाल्यानंतर तिथे शांतता उरली आहे का, आणि कच्छच्या आखातात खरोखर डुबकी मारण्याजोगे काही आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

रावपुरेकर :
विश्वामित्रीताई, धागा अगदी योग्य वेळी काढलात. ओखामंडळाच्या, म्हणजे द्वारका-ओख्याकडच्या टोकाच्या, किनाऱ्यावर मी बरीच वर्षे जात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे बेट द्वारका हे एकच गाव नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचा देवळाभोवतीचा पश्चिमेकडचा भाग तेवढा पाहिलेला असतो. पूर्वी ओख्याच्या धक्क्यावरून बोटीत दाटीवाटीने बसून जायचे, दर्शन घ्यायचे आणि मिळेल त्या बोटीने परतायचे, हाच क्रम होता. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतूचे उद्घाटन झाले आणि सुमारे २.३२ किलोमीटरच्या त्या पुलामुळे गाडी थेट बेटावर जाऊ लागली. साहजिकच देवळाच्या परिसरात गर्दी वाढली आहे. परंतु बेट लांबट आहे. हनुमान दांडीच्या देवळापुढे पूर्वेच्या टोकाकडे, ज्याला डनी पॉइंट म्हणतात तिकडे, जसजसे जावे तसतशी माणसे विरळ होत जातात. वाळू, बाभळी, चिखलाच्या काठाची तिवरे आणि खाडीत नांगरलेल्या होड्या एवढेच दिसते. यात्रेकरूंची वाहने बहुधा हनुमान दांडीवरूनच मागे फिरतात, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचल्यास तो किनारा जवळजवळ मोकळा मिळतो.

दुसरी गोष्ट डुबकीविषयी, आणि ही मी मुद्दाम स्पष्टपणे लिहितो. कच्छच्या आखातात अंदमानसारखे निळे, नितळ पाणी शोधायला गेलेला माणूस निराश होऊन परत येतो. आखात उथळ आहे, भरती-ओहोटीचा प्रवाह जोरकस आहे आणि तो तळाचा गाळ सतत ढवळत राहतो. शिवाय मोठी नदी फारशी येऊन मिळत नाही आणि बाष्पीभवन प्रचंड, म्हणून पाण्याचा खारटपणाही मोकळ्या समुद्रापेक्षा जास्त असतो. अशा गढूळ, खारट आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमान कमालीचे बदलणाऱ्या पाण्यात प्रवाळ जगतात, हेच या जागेचे वैशिष्ट्य आहे. आणि ते पाहायला पाण्यात उतरावे लागत नाही. ओहोटीला समुद्रच बाजूला सरतो आणि प्रवाळांचे पठार उघडे पडते. पायी चालत प्रवाळ पाहता येतील अशी जागा आपल्या गुजरातेतच आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की सहलीची तारीख सुट्ट्या पाहून ठरवू नका. आधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा.

सूरसागर :
रावपुरेकर साहेबांच्या बहुतेक मुद्द्यांना अनुमोदन, परंतु डुबकीचा विषय त्यांनी थोडा लवकर मिटवला असे वाटते. आखाताच्या आतल्या भागाबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र द्वारका ते ओखा हा पट्टा मोकळ्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहे, आणि तिथले पाणी आखाताच्या मानाने बरेच स्वच्छ असते. द्वारकेहून ओख्याकडे जाताना साधारण १२ किलोमीटरवर शिवराजपूरचा किनारा लागतो. २०२० साली भारतातील ज्या पहिल्या किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले, त्यांत तो होता. स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे हे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. तिथे नवशिक्यांसाठी स्कूबाची सोय असते. पावसाळा संपून समुद्र स्थिरावल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, त्याचा काळ चांगला. थंडीत पाणी गार असते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा डुबकीचा पोशाख मिळेल का हे आधी विचारून घ्यावे.

पोहता येत नसले तरी प्रशिक्षकाबरोबरची पहिली डुबकी करता येते. पण काही गोष्टींत तडजोड करू नये. सर्दी झालेली असेल तर डुबकी मारू नये, कारण खाली जाताना कानावरचा दाब मोकळा करता आला पाहिजे. पाण्याखाली अवघ्या १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि कानाला तो पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबावी, आणि दुखू लागले तर जोर न लावता थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. श्वास कधीही रोखून धरू नये, विशेषतः वर येताना. दमा, हृदयविकार किंवा गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही, आणि तो दाखवायला कां-कूं करत असेल तर पैसे देऊ नयेत. परतीचा प्रवास विमानाने असेल तर एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्या झाल्यास किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. आपण रेल्वेने किंवा मोटारीने जाणार असाल तर ही अडचण येत नाही.

मांडवीदरवाजा :
माझे मत थोडे वेगळे आहे. बेटावरचे गाव, समुद्रकिनारा आणि उत्तम डुबकी हे तिन्ही एकत्र हवे असेल तर अंदमानमधील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, यास तोड नाही. भरतपूर आणि लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यांवर कंबरभर पाण्यात मासे दिसतात आणि गावात शेती करणारी बंगाली कुटुंबे आहेत. खर्च जुळत असेल त्यांनी दोन वर्षे पैसे साठवून तिकडेच जावे. परंतु ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना दोन विमाने आणि वर बोटीचा प्रवास करणे मलाही योग्य वाटत नाही. लक्षद्वीपला तर आधी परवाना काढावा लागतो. त्यामुळे या वर्षापुरती ओखामंडळाची निवड मला पटते.

एक मात्र सांगावेसे वाटते. पुलामुळे आपल्याला सोय झाली, पण ओखा ते बेट बोट चालवून पोट भरणाऱ्यांचा धंदा त्याच पुलाने हिरावला आहे. तेव्हा जाताना पुलावरून जा, परंतु खाडीत एखादी फेरी मात्र होडीतून जरूर मारा. नशीब असेल तर ओखा, बेट आणि जवळचे किनाऱ्यावरचे पोशित्रा गाव यांच्या दरम्यानच्या पाण्यात कुबडवाले डॉल्फिन दिसतात. ते उड्या मारून लक्ष वेधून घेत नाहीत. पाण्यावर संथपणे पाठ येते आणि जाते, म्हणून नाखव्याला इंजिन बंद करायला सांगून थांबावे.

विश्वामित्री :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता काही शंका. भरती-ओहोटीचे कोष्टक कसे वाचावे, आणि पायी प्रवाळ पाहण्याची जागा नेमकी कोणती? बेटावरच ते दिसतात की दुसरीकडे जावे लागते? सासरे सपाट रस्त्यावर चांगले चालतात, पण खडकांवर त्यांना नेणे कितपत योग्य आहे? आणि मुलीला महाविद्यालयासाठी काही शिंपले, प्रवाळांचे तुकडे गोळा करता येतील का?

रावपुरेकर :
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते महत्त्वाचे आहे. अजिबात गोळा करू नयेत. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचा मोठा भाग १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, आणि भारतातले ते पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नसतो. रिकाम्या शंखात शंखखेकडा राहतो आणि मेलेल्या प्रवाळावरच नवा प्रवाळ धरतो, तेव्हा आपल्याला टाकाऊ वाटणारी वस्तू तिथे कोणाचे तरी घर असते. मुलीने वही आणि कॅमेरा न्यावा.

पायी पाहण्याची सोयीची जागा म्हणजे नरारा. ती बेटावर नाही. द्वारका-जामनगर रस्त्यावरून वाडीनारकडे वळावे लागते, आणि जामनगरहून ती साधारण ६० किलोमीटरवर आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा. वाटाड्याशिवाय जाऊ नये, कारण जिवंत प्रवाळ कुठे आणि पाय ठेवण्याजोगी वाळू कुठे हे आपल्याला कळत नाही.

आता ओहोटी. आपल्याकडे तिथीवरून अंदाज बांधण्याची जुनी रीत आहे आणि ती इथेही उपयोगी पडते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, म्हणून प्रवाळ पाहायचे ते उधाणाच्या ओहोटीला. भांगाच्या दिवसांत गेलात तर पठार पुरते उघडेच पडत नाही. त्यातही उधाणाचा सर्वांत मोठा जोर नेमका पौर्णिमेला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो. दिवसातून दोन ओहोट्या होतात, पण दोन्ही सारख्या खोल नसतात, तेव्हा कोष्टकात वेळेबरोबर उंचीचा आकडाही पाहावा आणि दिवसा उजेडी येणारी खोल ओहोटी निवडावी. भरतीची लाट पश्चिमेकडून आत शिरते, त्यामुळे ओख्याची वेळ आधी आणि आतल्या बाजूच्या नराऱ्याची नंतर. ओख्याच्या आकड्यावर विसंबून नराऱ्याला जाऊ नये, तिथल्यासाठी जवळच्या सिक्का बंदराचे कोष्टक पाहावे. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सर्वांत खोल ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चालायला सुरुवात करावी, म्हणजे उतरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग जाता येते. पाणी फिरले की वाटाडा म्हणेल त्या क्षणी परतावे. भरती समोरून सरळ येत नाही. आधी आपल्या मागच्या सखल घळी भरतात आणि मग परतीची वाट पाण्यात जाते.

चालू लागल्यावर पहिल्यांदा कानाला जाणवते ते बारीक तडतडणे. टिचकी मारणाऱ्या कोळंब्या आपली एक मोठी नांगी झटक्यात मिटतात, त्याचा तो आवाज. नंतर डबक्यांकडे लक्ष जाते. मेंदूच्या वळ्यांसारखा प्रवाळाचा गोळा उघड्यावर असेल तर त्यावर चिकट बुळबुळीत थर दिसतो. उन्हात सुकून मरू नये म्हणून तो प्राणी स्वतःच तो थर सोडतो, म्हणून त्यावर बोट टेकवू नये. डबक्यात वाळूच्या रंगाचा एखादा दगड क्षणभर फुगल्यासारखा वाटला तर तिथेच थांबून पाहावे. तो आठपायी, म्हणजे ऑक्टोपस असतो. श्वास घेताना त्याच्या बाजूची नळी उघडते-मिटते आणि आपली सावली पडताच अंगावर विटकरी रंगाची लाट धावून जाते. गालिच्यासारखे पसरलेले समुद्रफूल, जांभळी शाई सोडणारा समुद्रससा, तारामासे, खेकडे, हे सर्व घोट्याएवढ्या पाण्यात पाहायला मिळते. काही वाटाडे पर्यटकांना खूश करण्यासाठी फुग्या मासा हातात उचलून फुगवून दाखवतात. त्याचा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून चालायला लागण्यापूर्वीच सांगावे की आम्हांला कोणताही प्राणी उचलून दाखवू नका. ते ऐकतात. लोक पैसे देऊन तेच मागतात म्हणून तसे केले जाते.

जुने, घट्ट बांधायचे कापडी बूट आणि हातात काठी हवी. स्लिपर चिखलात अडकतात. सासऱ्यांना प्रवाळांच्या पठारावर नेऊ नये, ते शेवाळाने निसरडे असते. परंतु नराऱ्याच्या काठाशी बसूनही त्यांना पुष्कळ पाहता येईल. थंडीत तिथे रोहित (फ्लेमिंगो), समुद्री बगळे, खेकडे खाणारा काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर, ऑयस्टरकॅचर असे पक्षी ओहोटीच्या चिखलावर चरायला उतरतात. दुर्बीण मात्र बरोबर असू द्या.

वाडीकर :
या चर्चेत आपल्या बडोद्याचा धागा जोडल्याशिवाय राहवत नाही. बडोद्यातील कित्येकांना माहीत नसते की ओखामंडळ, द्वारका आणि बेट हे सारे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. राजधानीपासून एवढ्या दूरचा हा तुकडा सांभाळणे सोपे नव्हते. तिथल्या स्थानिक वाघेर लोकांनी १८५७ नंतरच्या काळात तिथे मोठे बंड केले, त्यातले जोधा माणेक आणि मुळू माणेक यांची नावे तिकडे आजही आदराने घेतली जातात. पुढे सयाजीराव महाराजांनी ओख्याचे बंदर उभारले आणि त्याही आधी एक दूरदृष्टीचे काम केले. या किनाऱ्यावरच्या समुद्री जीवांची शास्त्रीय पाहणी करण्यासाठी त्यांनी जेम्स हॉर्नेल या मत्स्यशास्त्रज्ञास बोलावले. त्याचा अहवाल बडोदे सरकारसाठी १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. मोत्यांचे कालव, पूजेतला शंख आणि खिडकीला काचेऐवजी लावता येईल इतका पातळ, पारदर्शक शिंपला यांचा त्यात विचार आहे. बेटाचे जुने नाव शंखोद्धार आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. समुद्रातून उत्पन्न काय मिळेल हा हेतू त्यामागे होताच, पण एखादे संस्थान आपल्या किनाऱ्यावरचा जीव न् जीव तज्ज्ञाकडून नोंदवून घेते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ताईंच्या मुलीने निघण्यापूर्वी बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात एक चक्कर मारावी असे सुचवतो. महिसागर (मही) नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. बडोद्याची मुले तो लहानपणी पाहतात आणि विसरून जातात. समुद्रावर जाण्याच्या आधी तो पुन्हा पाहण्यासारखा आहे.

सूरसागर :
वाडीकर, आपला प्रतिसाद अतिशय आवडला. त्यालाच जोडून मच्छीमार वस्तीत वागण्याविषयी थोडे लिहितो.

बेटावर आणि ओख्याला मासे धरणारी बरीच कुटुंबे मुसलमान आहेत, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पुढे खारवा हा दर्यावर्दी समाज मोठा आहे. होड्या परततात त्या वेळी धक्क्यावर कामाची घाई असते. मासळी उतरवणे, बर्फात भरणे, लिलाव, जाळी झाडणे हे सर्व एकाच वेळी चालते. तेव्हा मध्ये उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. दुपारनंतर जाळी विणत आणि सांधत बसलेली माणसे निवांत असतात, त्यांच्याजवळ बसून बोलावे. आपल्याला गुजराती येते, त्यामुळे परकेपणा राहत नाही. बायकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ही सीमेजवळची किनारपट्टी आहे, सागरी हद्दीच्या वादात इथल्या मच्छीमारांनी पलीकडच्या तुरुंगात वर्षे काढली आहेत, म्हणून हा विषय कुतूहलापोटी त्यांच्याकडे काढू नये. कोणी स्वतःहून सांगू लागला तर ऐकावे.

त्यांच्याशी बोलताना व्हेल शार्कचा विषय मात्र जरूर काढावा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एके काळी या महाकाय, निरुपद्रवी माशाची तेलासाठी मोठी शिकार होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हणून ‘व्हाली’ असे नाव देऊन मच्छीमारांना आवाहन केले. तेव्हापासून वेरावळ-मांगरोळच्या बाजूचे मच्छीमार जाळ्यात अडकलेली व्हाली स्वतःचे महागडे जाळे कापून सोडतात, आणि त्या जाळ्याची भरपाई त्यांना मिळते. केवळ कायद्याने हे झाले असते असे मला वाटत नाही. ओख्याकडे व्हाली दिसण्याची आशा धरू नये, पण तिच्याविषयी विचारले की वयस्क टंडेलसुद्धा (होडीचे प्रमुख) मोकळेपणाने बोलू लागतात.

मांडवीदरवाजा :
खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. देवळाच्या परिसरात शाकाहारी जेवणच मिळेल आणि तिथे दुसरे काही मागूही नये. मासे खायचे असल्यास ओख्याला विचारावे. मुक्कामाला गाडी असेल तर ओखा किंवा मिठापूर, नसेल तर द्वारका सोयीची. बडोद्याहून वासद, तारापूर, बगोदरा, राजकोट, जामनगर असा रस्ता धरल्यास सुमारे ५०० किलोमीटर होतात, तेव्हा सासऱ्यांसाठी राजकोट किंवा जामनगरला मुक्काम करून अंतर तोडणे बरे. नाहीतर सौराष्ट्र मेल बडोद्याहून थेट ओख्यापर्यंत जाते.

विश्वामित्री :
सर्वांचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. त्यावरून असे ठरले आहे की त्रिपुरी पौर्णिमेला द्वारकेत यात्रेकरूंची गर्दी असणार, म्हणून पौर्णिमा सरल्यावर पोहोचायचे. रावपुरेकर साहेबांच्या सांगण्याप्रमाणे उधाणाचा खरा जोरही तेव्हाच असेल. आधी जामनगरला उतरून नरारा, मग ओख्याला मुक्काम करून बेटाचा पूर्व किनारा आणि होडीतून खाडी, आणि शेवटी शिवराजपूरला मुलगी आणि यजमान डुबकी मारतील. सासरे त्या वेळी किनाऱ्यावर बसतील. हा क्रम बरोबर आहे का? आणि होडीसाठी किंवा नराऱ्यासाठी ओळखपत्रे लागतील का?

रावपुरेकर :
क्रम उत्तम आहे. फक्त नरारा पहिल्याच दिवशी ठेवताना प्रवासाचा थकवा जमेस धरा, कारण ओहोटी आपल्यासाठी थांबणार नाही आणि उशीर झाला तर तो दिवस वाया जाईल. आदल्या संध्याकाळी जामनगरला पोहोचणे सर्वांत चांगले. ओळखपत्रे सर्वांची, मूळ प्रती, जवळ असू द्या. किनारपट्टीवर तपासणी होऊ शकते. वारा वाढल्यास बंदर खाते धोक्याची सूचना लावते आणि त्या दिवशी होडी व डुबकी दोन्ही बंद राहतात, म्हणून शिवराजपूरसाठी एक दिवस राखीव ठेवावा. मोकळा मिळाल्यास त्या दिवशी मिठापूरजवळच्या चरकल्याच्या मिठागरांवर जा. तिथे गाडीतून न उतरताही रोहित दिसतात, सासऱ्यांना ते सोयीचे होईल. सिक्क्याच्या त्या आठवड्यातील ओहोटीच्या वेळा आणि उंची मिळाल्या की इथेच टाकतो.